औषध, वजन आणि घरचें ताट

ज्वराचें औषध आपण सर्वांच्या देखत घेतों. मनाच्या आजाराचें औषध मात्र कपाटांतील साड्यांच्या घडीखालीं ठेवतों. हा भेद स्वतःस सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या घरांतूनहि अद्याप मावळलेला नाहीं. या लपवालपवीचा एक परिणाम असा कीं, त्या औषधांनीं शरीरावर काय होतें याविषयीं घरांत कोणी मोकळेपणानें बोलत नाहीं. बोललेंच तर थट्टेनें बोलतात. ती थट्टा किती महाग पडते हें आम्हीं आमच्याच घरांत पाहिलें, म्हणून आज हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

गडहिंग्लजला आमचें एकत्र कुटुंब आहे. आम्ही दोघे भाऊ, आमच्या बायका, मुलें आणि मातोश्री मिळून एका पंक्तीस नऊ पानें मांडलीं जातात. थोरल्या बंधूंचा मुलगा सव्विसाव्या वर्षीं मनोविकारानें आजारी पडला. कोणी नसतां कानांत आवाज येत, आपल्यावर कोणी पाळत ठेवली आहे असें वाटे, झोप तर पार नाहींशी झाली. कोल्हापुरास डॉक्टरांकडे नेल्यावर ओलॅन्झापीन नांवाची गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत आमचा मुलगा आम्हांस परत मिळाला. तो पुन्हां कामावर जाऊं लागला, आणि संध्याकाळीं मैदानाच्या कडेला उभा राहून फुटबॉलचा सामना पाहूं लागला. गडहिंग्लजच्या माणसास फुटबॉल पुन्हां गोड लागावा, याहून प्रकृति सुधारल्याचें दुसरें लक्षण तें कोणतें!

परंतु त्या तीन महिन्यांत त्याचें वजन आठ किलोंनीं वाढलें, आणि वर्ष भरतां भरतां बासष्ट किलोंचा मुलगा अठ्ठ्याहत्तर किलोंचा झाला. जुने सदरे अंगांत शिरेनात. दोन जिने चढतां दम लागूं लागला. आल्यागेल्या पाहुण्यांस बोलण्यास विषय मिळाला. आणि खेद वाटतो, पण कबूल केलें पाहिजे कीं, "औषध नुसतें लागू पडलें नाहीं, अंगींहि लागलें," हा विनोद प्रथम आमच्याच तोंडून निघाला. सारी पंगत हंसली. तोहि हंसला.

पुढें एके दिवशीं सकाळीं तुळशीस पाणी घालतांना वहिनींस वृंदावनाच्या मातींत अर्धवट विरघळलेल्या पांढऱ्या गोळ्या दिसल्या. दोन आठवड्यांपासून तो गोळी जिभेखालीं ठेवून अंगणांत जात असे आणि ती मातींत पुरीत असे. आम्हीं त्यास जवळ बसवून विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, आवाज आले तर ते एकट्या मलाच ऐकूं येतात. हें पोट सगळ्यांना दिसतें." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या आठवड्यांतच त्याची झोप उडाली, महिन्याच्या आंत ते आवाज परत आले आणि पुन्हां कोल्हापूर गांठावें लागलें.

औषध मध्येंच सोडल्याचा हा परिणाम कांहीं आमच्याच घरचा अपवाद नव्हे. प्रथमच या आजारांत सांपडून बऱ्या झालेल्या रुग्णांची एक पाहणी १९९९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. ज्यांनीं औषध बंद केलें त्यांस आजार उलटण्याचा धोका, चालू ठेवणाऱ्यांच्या मानानें, सुमारें पांचपट असल्याचें तींत दिसून आलें. म्हणून वाढलेल्या वजनाचा प्रश्न हा केवळ रूपाचा प्रश्न समजतां येत नाहीं. वजनाच्या लाजेनें गोळी सुटते, आणि गोळी सुटली कीं माणूस हातचा जातो.

आतां हें वजन वाढतें कां, तें पाहूं. या औषधांचा इतिहास फार जुना नाहीं. १९५२ सालीं पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयांत झाँ डिले व पिएर डेनिकर या डॉक्टरांनीं क्लोरप्रोमझीन हें औषध मनोरुग्णांस दिलें, आणि त्यांचे भ्रम ओसरूं लागले. ज्यांचें सारें आयुष्य वेड्यांच्या इस्पितळांत जावयाचें, अशा असंख्यांस घरची वाट त्यामुळें मोकळी झाली. मात्र त्या जुन्या औषधांनीं हात कांपत, अंग ताठून जाई. पुढें क्लोझापीन, ओलॅन्झापीन वगैरे नवीं औषधें निघालीं. त्यांनीं तो त्रास पुष्कळ कमी केला, पण त्यांपैकीं कित्येकांनीं वजनाचा नवा त्रास आणला. डेव्हिड ॲलिसन व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं अनेक प्रयोगांचे आंकडे एकत्र करून पाहिले. दहा आठवड्यांत क्लोझापीननें सरासरी ४.४५ किलो, ओलॅन्झापीननें ४.१५ किलो आणि रिस्पेरिडोननें २.१० किलो वजन वाढतें, झिप्रासिडोननें मात्र जवळजवळ वाढत नाहीं, असें त्यांस आढळलें. या वर्गाबाहेरचीं व्हॅल्प्रोएट, लिथियम, अमिट्रिप्टिलीन, मिर्टाझापीन हीं औषधेंहि अनेकांचें वजन वाढवितात.

याचें कारण मेंदूंत आहे. हायपोथॅलॅमस नांवाच्या मेंदूच्या एका लहानशा भागाकडे भूक व तृप्ति यांचा कारभार असतो. तेथील कामांत हिस्टामीन व सेरोटोनिन या द्रव्यांचा मोठा वांटा आहे, आणि वजन वाढविणारीं हीं औषधें नेमकीं त्या द्रव्यांचीं दारें अडवितात. मग पोट भरलें तरी "आतां पुरे" हा निरोप मनापर्यंत पोंचत नाहीं. त्यांत गोळीची गुंगी असते, त्यामुळें हिंडणेंफिरणें कमी होतें. तोंडास कोरड पडते, म्हणून गोड पेयें व चहा वाढतो. साखर व मेद यांचा शरीरांतील व्यवहारहि यांतील कांहीं औषधांनीं बिघडतो. सारांश, आमचा मुलगा हावरा झालेला नव्हता. तृप्तीची जी जाणीव आपणां सर्वांस न मागतां मिळते, तीच त्याची हिरावली गेली होती.

आपणां भारतीयांस याचा धोका अधिक कां, हें पुण्याच्याच एका संशोधकानें जगास दाखविलें आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन स्नेह्यांचें एक छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत छापलें गेलें. उंची व वजन यांच्या प्रमाणावरून काढलेला देहभारांक दोघांचाहि २२.३ असा सारखाच होता; परंतु युडकिन यांच्या शरीरांत मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरांत तो २१.२ टक्के होता. आपण दिसतों सडपातळ, पण आंत मेद बाळगून असतों. म्हणून आपल्याकडे देहभारांक २३ झाला कीं वजन अधिक मानतात. आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आंत ठेवावा असें तज्ज्ञ सांगतात. तीव्र मनोविकार असलेलीं माणसें इतरांहून दहा ते वीस वर्षें आधीं जग सोडतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या अकालीं मृत्यूंत हृदयविकारासारख्या शारीरिक रोगांचा भाग मोठा असतो.

दुसऱ्या वेळीं डॉक्टरांनीं मुलास औषधाविषयीं विचारलें, आणि मग वहिनींकडे वळून विचारलें, "घरीं याला वाढतें कोण?" या प्रश्नांत सारें मर्म होतें. एकटा राहणारा मनुष्य आपलें पथ्य आपण ठरवूं शकेल. नऊ पानांच्या घरांत ताटांत काय पडावें हें जेवणारा ठरवीत नाहीं. तें स्वयंपाकघर ठरवितें, सणवार ठरवितात, आणि आग्रह ठरवितो. वजन एकट्याचें असलें तरी ताट घराचें असतें. त्यास एकट्यास वेगळें पथ्याचें ताट वाढणें म्हणजे त्याच्या आजाराची रोज दोन वेळां दवंडी पिटणें होय. तेव्हां घराचेंच ताट बदलावयाचें, असें आम्हीं ठरविलें.

आधीं चहा मोजला. प्रत्येक कपांत दोन चमचे साखर आणि दिवसांतून पांच कप, म्हणजे दहा चमचे साखर नुसती चहांतूनच पोटांत जात होती. ती सर्वांचीच हळूहळू अर्ध्या चमच्यावर आणली. रात्रीचा भात मूठभर राहिला, आणि ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर व ताक यांस ताटांत अधिक जागा मिळाली. ज्यास आपण उपवास म्हणतों, त्यांतील साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट व तूप यांनीं पथ्याचा दिवसच अधिक जड होत होता. त्या जागीं वरीचे तांदूळ बेतानें, काकडी व फळें आलीं. रात्रीं अकरा वाजतां त्यास खरी भूक लागे, आणि तेव्हां चिवड्याचा डबा हाताशीं असे. तो डबा घरांतून गेला. त्या ठिकाणीं फुटाणे, काकडी व गाजरें राहूं लागलीं.

सर्वांत जड गेलें तें मातोश्रींस. नातवाच्या पानांत आणखी एक पोळी वाढणें हीच त्यांची प्रेमाची भाषा. त्यांस आम्हीं समजावून सांगितलें कीं, पुरे झालें हें त्याचें मन त्यास सांगत नाहीं, म्हणून तें आपल्या हातानें सांगावयाचें. चार दिवस त्या रुसल्या. पांचव्या दिवशीं स्वतःच त्याच्यापुढें ताकाचा पेला ठेवून म्हणाल्या, "आज एवढेंच हो बाळा." आमच्या थट्टेपेक्षां त्या एका वाक्यानें अधिक काम केलें.

फिरण्याचेंहि तसेंच. "जरा फिरून ये" असें सांगणें सोपें असतें. गोळीच्या गुंगींतून उठून एकट्यानें जाणें सोपें नसतें. म्हणून बंधु रोज संध्याकाळीं त्याच्याबरोबर हिरण्यकेशीच्या बाजूस जाऊं लागले, आणि रविवारीं काळभैरवाच्या डोंगरावर घरांतील जो मोकळा असेल तो जाऊं लागला. पहिल्या महिन्यांत अर्ध्या वाटेवर तीनदां बसावें लागे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं तो स्वतः वजन करून वहींत मांडतो. ती वही त्याची आहे. ती उघडण्याचा किंवा आंकड्यावर बोलण्याचा अधिकार घरांत कोणासहि नाहीं.

वैद्यकाची मदतहि घ्यावी लागते, आणि ती मागण्यास लाजूं नये. मधुमेह व मनोविकार या विषयांतील अमेरिकन तज्ज्ञांच्या संस्थांनीं २००४ सालीं ठरविलेल्या क्रमानुसार औषध सुरू करतांना वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीं साखर व रक्तांतील मेद यांची नोंद करावी. चौथ्या, आठव्या व बाराव्या आठवड्यांत आणि पुढें दर तीन महिन्यांनीं वजन पाहावें. मूळ वजनाच्या पांच टक्के वाढ झाली कीं औषध बदलण्याचा विचार डॉक्टरांशीं बोलून करावा. ॲरिपिप्राझोलसारखीं कांहीं औषधें वजनाला सौम्य आहेत. पण तीं सर्वांसच मानवतात असें नाहीं. आमच्या मुलास ओलॅन्झापीनच मानवलें होतें, म्हणून डॉक्टरांनीं तें न बदलतां जोडीस मेटफॉर्मिन दिलें. चीनमध्यें १२८ रुग्णांवर बारा आठवडे झालेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आहारविहार व मेटफॉर्मिन या दोहोंच्या जोडीनें, कोणत्याहि एकापेक्षां, अधिक वजन उतरलें होतें. सेमाग्लुटाइडचें वजनासाठींचें इंजेक्शनहि २०२५ सालीं भारतांत विक्रीस आलें आहे. यांतील कांहींहि शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊं नये. औषधाचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क रुग्णास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें दिलेला आहे. तेव्हां प्रश्न विचारण्यांत संकोच कसला?

फळ काय मिळालें, असें वाचक विचारतील. चौदा महिन्यांत सहा किलो कमी झाले. दहा अद्याप अंगावर आहेत. आंकडा लहान वाटेल. परंतु २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत अशा २९१ रुग्णांपैकीं ज्यांस अठरा महिने व्यायाम व आहाराचें शिक्षण दिलें, त्यांचें वजन इतरांच्या मानानें सरासरी ३.२ किलोंनींच कमी झालें, आणि तेंहि तज्ज्ञांनीं मोलाचें मानलें. हा डोंगर एका दमांत चढण्याचा नव्हे. गोळी मात्र या चौदा महिन्यांत एकदांहि चुकलेली नाहीं, आणि आम्ही तोच आंकडा मोठा समजतों.

ज्या घरांत हें ओझें एकट्यानें वाहिलें जात असेल, त्यांनीं सोबत शोधावी. कॅनडांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनीं पुण्यांत स्थापिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशननें रुग्णांच्या नातेवाइकांस एकत्र बसून बोलण्याची वाट दाखविली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट अशा भावाची व त्यास सांभाळणाऱ्या बहिणीची कथा सांगतो. तो सर्व घरानें मिळून पाहावा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनीसेवा २०२२ पासून चालू आहे.

आमच्या घरीं ती गोळी आतां कपाटांत नसते. जेवणघराच्या फळीवर, मातोश्रींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारीं ती ठेवलेली असते, आणि रात्रीं जेवणें झालीं कीं आजी व नातू आपापली गोळी एकाच तांब्यांतील पाण्यानें घेतात.