कोणती गल्ली, कोणता नळ?

मी नर्स म्हणून नोकरी करत होते तेव्हा ओपीडीच्या रजिस्टरमध्ये पत्त्याचा एक रकाना असायचा. पावसाळ्यात जुलाबाचं लेकरू आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेलं, मागे रांग लागलेली, आणि मी घाईघाईत त्या रकान्यात लिहायचे, 'रांजणगाव'. कधी नुसतं 'वाळूज'. सलाइन लावायची, ओआरएसची पाकिटं हातात द्यायची, पुढचा पेशंट. दोन दिवसांनी त्याच लेकराचा धाकटा भाऊ यायचा.

रांजणगाव शेणपुंजी म्हणायला गाव आहे, पण एमआयडीसीच्या शिफ्टला जाणाऱ्या कामगारांच्या खोल्यांनी ते कधीच फुगून गेलं आहे. तिथे 'रांजणगाव' एवढंच लिहिलं तर काहीच कळत नाही. कोणती गल्ली, पाणी कुठून भरता, हे मी विचारलंच नाही. रजिस्टर मात्र दर महिन्याला वेळेवर वर जायचं.

पुढे नोकरी सोडली आणि वस्तीत काम करू लागले. एका पावसाळ्यात पुन्हा जुलाबाची साथ आली. पाण्याची तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, तुम्ही लोकच स्वच्छता पाळत नाही. हे वाक्य आपल्या वस्तीला नवीन नाही. भांडून आलो, पण हातात काही नव्हतं. मग आम्ही चार बायांनी एक शंभर पानी वही घेतली. रोज संध्याकाळी दारोदार दोनच प्रश्न विचारायचे. घरात कुणाला जुलाब आहेत का? पिण्याचं पाणी कोणत्या नळाचं? आठवीतल्या एका मुलीने गल्ल्यांचा नकाशा काढला. जिथे आजारी माणूस, त्या घरावर लाल टिकली. आठवडाभरात दिसलं की टिकल्या वस्तीभर पसरलेल्याच नाहीत. बहुतेक सगळ्या शेवटच्या टोकाच्या नळावर होत्या, आणि त्या नळाची पाइपलाइन गटारातून गेली होती. गटार तर आम्ही रोजच ओलांडत होतो.

नकाशा घेऊन गेल्यावर बोलणं बदललं. ओटी टेस्ट करा म्हणालो. पाण्यात औषधाचे थेंब टाकतात, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. टाकीजवळच्या नळाला पिवळं झालं, शेवटच्या नळाला रंगच आला नाही. टीसीएल पावडर टाकीत पडत होती, पण वाटेतली घाण क्लोरीन खाऊन टाकत होती. नियम असा आहे की शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. म्हणून टेस्ट टाकीजवळ केली म्हणून सांगितलं तर मान डोलावू नका, शेवटच्या नळाला करायला लावा. पाइप बदलायला पुढे बराच काळ गेला, ते वेगळंच.

ही युक्ती आमची नाही. 1854 साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावर बोट ठेवलं. पण आपल्याला इतकं लांब जायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केलं. 1971 च्या सुमारास तिथे हजार बाळं जन्मली तर 176 वर्षाच्या आत दगावत होती. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यांत दलित बायका होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या. कुठल्या घरात गरोदर बाई आहे, कुणाच्या बाळाचं वजन घसरतंय, हे त्या तोंडपाठ ठेवायच्या. माझ्या डिप्लोम्यात जे शिकवलं नाही, ते त्या करत होत्या. बोअर कुठे घ्यायचा हा प्रश्न आला तेव्हा आरोळेंनी तो दलित वस्तीच्या बाजूला घ्यायला लावला. मग सवर्ण बायकांना पाण्यासाठी वस्तीत यावं लागलं. पाणी कुठे काढायचं हा निर्णय जमिनीखालच्या झऱ्याइतकाच माणसांचाही असतो, हे चवदार तळ्याच्या वारसांना मी काय सांगावं!

आता पैशाचं. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची जी योजना आहे, जिला आपण अजून दलित वस्ती सुधार म्हणतो, तिच्यात निधी वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यावर ठरतो. त्यासाठी ग्रामपंचायतीने पाच वर्षांचा बृहत् आराखडा करायचा असतो. आकडा कुठला धरतात? शेवटची जनगणना 2011 ची. 2021 ची झालीच नाही. त्यानंतर वाळूजला किती माणूस आलं! जालना, परभणी, बुलढाण्याहून आलेल्या भाडेकरूचं नाव अजून गावाकडच्या रेशनकार्डावर आहे. तो इथलं पाणी पितो, इथल्या गटारात पाय घालतो, कागदावर मात्र इथे राहतच नाही. आशा कार्यकर्ती साधारण हजार लोकांमागे एक हवी. वस्तीत हजार धरलेत आणि राहतात दोन हजार, तर एकीच्या गळ्यात दोघींचं काम पडतं आणि राहिलेलं लसीकरण तुमच्या बाळाचं असतं.

म्हणून वहीत पहिल्यांदा घरं आणि माणसं मोजा, भाडेकरू धरून. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, संडास आहे की नाही, नळ कोणता. एवढं पुष्कळ झालं. पन्नास प्रश्नांचा फॉर्म केलात तर तिसऱ्या घरी कंटाळा येईल. नोंद करणारी बाई त्याच गल्लीतली असावी, म्हणजे दुपारी कोण घरी असतं हे तिला ठाऊक असतं.

एक मात्र कळकळीने सांगते, कारण चूक आमच्या हातून झाली आहे. सुरुवातीला आम्ही नावानिशी आजार लिहिले आणि बैठकीत वाचून दाखवले. त्यात एका सुनेचा टीबी होता. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी धाडलं. औषध मध्येच तुटलं. तेव्हापासून आमच्या वहीत नाव नाही, घराचा नंबर असतो. टीबी, एचआयव्ही, गर्भपात या गोष्टी आम्ही विचारतच नाही. त्या आरोग्य केंद्राच्या कार्डावर राहू द्या.

आणखी एक. वहीतून सगळं सिद्ध होत नाही. एका गल्लीत दोघांना कॅन्सर झाला म्हणून लगेच कंपनीच्या पाण्यावर खापर फोडू नका. तो योगायोगही असू शकतो आणि समोरचा नेमकं तेच बोट धरून तुमची सगळी वही खोटी ठरवतो. बोअरच्या पाण्याला रंग, वास येत असेल तर तारीख लिहा आणि प्रयोगशाळेची तपासणी मागा. ओटी टेस्टने नायट्रेट किंवा रसायन कळत नाही. पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होते, त्यावर ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या ग्रामपंचायतीला कोणतं मिळालं ते विचारा. सांगत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

भगिनींनो, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. नकाशा तिथे आधी मांडा, कारण मोठ्या सभेत पाण्याचा विषय बहुधा शेवटी येतो आणि तोवर बाया स्वयंपाकाला उठलेल्या असतात. ठराव लिहून घ्या. 'पाणी खराब आहे' असं नको, 'अमुक गल्लीच्या शेवटच्या नळाची गटारातली पाइप वर घ्यावी' असं लिहा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के खर्च मागासवर्गीयांसाठी करायचा असतो, त्याचाही हिशोब त्याच सभेत मागा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.