पायाखालचा वायू

“आमचा मुलगा इंजिनीअर आहे. इंडोनेशियात, जावा बेटावरील डिएंग पठारावर जमिनीतल्या वाफेवर वीज तयार करतात, तेथे तो नोकरीला निघाला आहे. तिथे जमिनीतून विषारी वायू निघतो म्हणतात. फार काळजी वाटते,” असे एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. उत्तर सर्वांच्याच उपयोगाचे असल्याने येथे देत आहे.

ताई, हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साईड. तो वीज केंद्रामुळे निर्माण होत नाही. ज्वालामुखीच्या प्रदेशात खोलवरच्या तप्त शिलारसातून तो सुटतो आणि भेगांतून, गरम झऱ्यांतून आपणहून वर येतो. विजेसाठी विंधण विहिरीतून वाफ काढली की तिच्याबरोबर तोही येतो. तरीसुद्धा एका युनिटमागे त्याचे प्रमाण बहुतेक ठिकाणी कोळशाच्या केंद्रापेक्षा कितीतरी कमी असते. आइसलँडमध्ये तर तो पाण्यात विरघळवून पुन्हा खडकात सोडतात. तेथे त्याचा दगड बनतो.

मग धोका कशात आहे? हा वायू हवेच्या दीडपट जड आहे. त्याला रंग नाही, वास नाही. वारा असला की तो विरून जातो. वारा पडला की पाण्यासारखा सखल जागी साचतो. एरवी हवेत तो सुमारे ०.०४ टक्के असतो. ३ ते ५ टक्के झाला की धाप लागते, डोके दुखते. १० टक्क्यांच्या वर गेला की काही मिनिटांतच शुद्ध हरपते.

२० फेब्रुवारी १९७९ रोजी पहाटे याच डिएंगवर सिनिला विवराचा स्फोट झाला. घाबरलेले गावकरी रस्त्याने पळत सुटले आणि वाटेवर पसरलेल्या या वायूत सापडून १४० हून अधिक जण दगावले. लाव्हारसाने नव्हे, श्वासाने.

मुलाला एवढे सांगा: खड्ड्यात, खोलगट जागी उतरू नये, तेथे बसू-झोपू नये. वायू मोजण्याचे यंत्र अंगावर असावे. नाकाला रुमाल बांधून उपयोग नाही. डोके जड वाटताच वारा येतो त्या बाजूला, उंचावर जावे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तो दुसरा विषारी वायू. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असे समजू नये.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना दोघा भावांना बेशुद्धावस्थेत आणले होते. थोरला जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरून कोसळला, त्याला काढायला धाकटा उतरला. थोरला वाचला; धाकटा गेला. विहिरीत काय किंवा डिएंगवर काय, नियम एकच: कोसळलेल्याच्या मागे तसेच धावू नका. आधी मदत बोलवा. प्राणवायूचे नळकांडे व दोर असल्याशिवाय कोणीही उतरू नये.

ताई, मुलाला खुशाल जाऊ द्या. मात्र हे कात्रण त्याच्या बॅगेत ठेवा.