जुनी पद्मिनी आणि घरची दुरुस्ती

थंडीचे दिवस आहेत. निफाडकडे पारा चांगलाच उतरला आहे. तुम्ही ताडपत्री काढून जुन्या पद्मिनीत बसलात, चावी फिरवली, सेल्फ घरघरला आणि गाडी काही चालू होईना. अशा वेळी बहुतेकांचा हात कुठे जातो? कार्बोरेटरकडे. बॉनेट उघडायचे, पेचकस घ्यायचा आणि दिसेल तो स्क्रू फिरवायचा. दुपारपर्यंत मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात दोन नव्या दोषांची भर पडते.

मंडळी, ही गाडी म्हणजे काय आहे ते आधी पाहू. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. मूळची ती इटलीची फियाट ११००. १९७४ पासून आपल्याकडे तिचे नाव पद्मिनी झाले, आणि या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. एकेकाळी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर याच जातीच्या गाड्या शर्यतीत धावत, हे सांगितले तर आज पुष्कळांना खरे वाटत नाही! इंजिन १०८९ सी.सी.चे, चार सिलिंडरचे. संगणक कुठेच नाही. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. म्हणूनच ही गाडी घरी दुरुस्त करता येते. मात्र आधी विचार करायचा, मग पाना उचलायचा.

इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. हवेचा अडथळा क्वचित असतो. फिल्टर काढून पाहिला की कळते. राहिले दोन. त्यांतले कोणते नाही, एवढेच आधी ठरवायचे.

ठिणगीपासून सुरुवात करा. पेट्रोल सांडलेले नाही ना, हे पाहून एक प्लग काढा, त्याची लीड पुन्हा लावा आणि प्लगचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून ठेवा. लीड उघड्या हाताने धरू नका. धक्का जबर बसतो. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक आवाजाची ठिणगी दिसली तर वीज ठीक आहे. पिवळट, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाही, तर डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडा. आत पॉइंट असतात. ते जळून खडबडीत होतात. बारीक पॉलिश पेपरने घासून, फिलर गेजने पुस्तिकेत दिल्याप्रमाणे अंतर ठेवा. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर मुकाट्याने चालू होते, या तक्रारीमागे पुष्कळदा कंडेन्सर किंवा कॉइल असते; दोष मात्र कार्बोरेटरला लावला जातो. चारही लीडा एकदम काढू नका. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. लीडा उलटसुलट लागल्या तर सगळे ठीक असूनही इंजिन खोकत राहील.

काढलेला प्लग लगेच फेकू नका, तो वाचा. टोक फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. चोक अडकला आहे का पाहा. ऑइलने ओला असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हकडून ऑइल येते आहे, आणि ते काम घरचे नव्हे.

ठिणगी आहे, पण गाडी चालू नाही, तर पेट्रोल पाहा. इंजिन थंड असताना कॉइलची तार काढून ठेवा, कार्बोरेटरला येणारी नळी सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पिचकारीसारखे पेट्रोल आले पाहिजे. न आल्यास पंपाचा डायफ्राम, तडकलेली नळी किंवा टाकीच्या झाकणाचे बुजलेले भोक, यांवर संशय घ्या.

कसाऱ्याचा घाट चढताना मे महिन्यात गाडी मध्येच धापा टाकते, हा अनुभव नाशिककरांना नवा नाही. पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि हा पंप द्रव ढकलतो, वाफ नाही. गुरुजींनी वर्गात हे जरूर दाखवावे. सिरिंजमध्ये पाणी भरून तोंड बोटाने बंद करा, दट्ट्या हलत नाही. हवा भरली तर नुसताच दबतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकीत, ते याचसाठी. ती जादू नव्हती.

अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाचा धंदा करणाऱ्यांना ते हिताचे आहे, पण जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, डायफ्राम मऊ पडतो, टाकीतला जुना गाळ सुटून जेटमध्ये जातो. शिवाय ते पाणी ओढते. तेव्हा नळ्या व डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवा, आणि पावसाळाभर अर्धी टाकी भरून गाडी उभी ठेवू नका.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी तर मुळीच घालू नका. त्यातल्या क्षारांनी नळ्या बुजतात. कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर वापरा. गरम असताना झाकण उघडणाऱ्याचे तोंड भाजते. पुढच्या चाकांच्या किंग पिनला ग्रीस वेळेवर द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. विटा फुटतात, लाकडी ठोकळे लावा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका, त्या धुराला वास येवो न येवो, तो जीव घेतो.

एक वही ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, ती तारखेसह लिहा आणि गाडी चालवून पाहा, मगच दुसरीला हात लावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला, ते कधीच कळत नाही.

ब्रेक मात्र घरी शिकण्याचा विषय नव्हे. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत. ब्रेक ऑइलची पातळी तुम्ही पाहावी, त्यात इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, रबर फुगून ब्रेक अडकतात. पेडल खाली जात असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर गाडी तिथेच उभी करून मिस्त्रीला घरी बोलवा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि त्या तपासणीत ब्रेक, दिवे आणि धूर पाहिले जातात. ती तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.