पुढच्याचा लाल दिवा

'आंबिवली? ते नक्की कुठे आलं गं?' ऑफिसात नवीन कुणी आलं की हा प्रश्न ठरलेला. मग मी सांगते, कसारा लाइन, कल्याणनंतर शहाड, शहाडनंतर आंबिवली आणि मग टिटवाळा. टिटवाळा म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, कारण गणपतीला सगळेच कधी ना कधी येऊन गेलेले असतात. लगेच दुसरा प्रश्न. 'आणि तिथून ऐरोलीला गाडीने येतेस?' रोज नाही हो. आठवड्यातून दोन-तीनदा, चौघं मिळून, पेट्रोल वाटून. बाकी दिवस आहेच आपली लोकल.

गाडी चालवायला लागून आता बरीच वर्षं झाली. पत्रीपुलाच्या ट्रॅफिकमध्ये चालवून झाली, लग्नाच्या वरातीमागे फर्स्ट गिअरमध्ये अर्धा तास चालवून झाली. पण अचानक कोसळणाऱ्या पावसात गाडी चालवणं हा वेगळाच मामला आहे. म्हणजे बघा, शिळफाट्यापर्यंत काचा खाली, गाणी सुरू, आणि पुढच्या सिग्नलला आभाळ असं फाटतं की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. त्या पहिल्या दोन मिनिटांत आपली मंडळी रस्त्यावर जे काही करतात ते बघण्यासारखं असतं. मीही त्यातलीच, म्हणून हक्काने सांगते.

सगळ्यात आधी गायब होतात बाइकवाले. सगळे उड्डाणपुलाखाली. रेनकोट डिकीत असतो, पण तो घालायला कोरडी जागा हवी ना! एक थांबतो, त्याच्या शेजारी दुसरा, मग त्यांच्या पुढे तिसरा, आणि बघता बघता तीन लेनमधली एकच उरते. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? हेल्मेटच्या काचेला वायपर नसतो. पण मागून येणाऱ्या कारवाल्याचाही विचार करा. बाहेर सगळं पांढरंफटक, पुलाखाली एकदम काळोख, आणि त्या काळोखात काळे रेनकोट चढवणारी पंधरा-वीस माणसं. थांबायचंच असेल तर बाइक खांबाच्या पलीकडे, फूटपाथला चिकटून लावा. एवढं केलं तरी पुष्कळ.

दुसरी जमात चारही इंडिकेटर लावून पळणाऱ्यांची. मी दोन पावसाळे या जमातीत काढलेत. टकटक, टकटक, आपण किती सेफ चालवतोय असं उगाच वाटत राहतं. पण ते बटण उभ्या गाडीसाठी असतं. चालत्या गाडीत ते लावलं की मागच्याला तुम्ही थांबलाय की चाललाय ते कळत नाही, आणि तुम्ही डावीकडे वळणार असाल तर तेही कळायची सोय राहत नाही. त्यापेक्षा साधे हेडलाइट लावावेत, तेसुद्धा लो बीमवर. अप्पर मारला की थेंबांवरून सगळा उजेड परत आपल्याच डोळ्यांत येतो आणि समोर पांढरा पडदा. हल्लीच्या गाड्यांत आणखी एक लोचा आहे. पुढचे दिवसाचे दिवे आपोआप लागतात, म्हणून दिवे चालू आहेत असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच गाड्यांत मागचे लाल दिवे त्यांच्याबरोबर लागतच नाहीत. बटण फिरवावंच लागतं.

आतून काच धुरकट झाली की आपण हाताने पुसतो, रुमालाने पुसतो, शेजारचा पेपरने पुसतो. चार माणसांचा श्वास आणि चार ओल्या छत्र्या, काच धुरकट होणारच. एसी काचेवर सोडायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची. थंडी वाजली तर वाजू दे.

रिक्षावाल्यांचं मात्र मला कौतुक आहे. आमच्या स्टेशनबाहेरच्या एका काकांचा वायपर बंद पडला, तर त्यांनी शांतपणे पुडीतली तंबाखू काढली आणि ओल्या काचेवर खसाखसा चोळली. थेंब थेंब न राहता पाण्याचा पातळ पापुद्रा वाहायला लागला आणि समोरचं चक्क दिसू लागलं. कुणी तंबाखूऐवजी कापलेला बटाटा चोळतं. मी बटाटा करून पाहिला. दहा मिनिटं झकास दिसलं, नंतर काच अशी झाली की बघवेना. वायपरचं रबर दर मे महिन्यात बदलणं स्वस्त पडतं.

टायरकडे तर कुणी बघतच नाही. नियमानुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी आणि रिक्षाला ०.८. ही नक्षी शोभेसाठी नसते. तिच्या खाचांतून चाकाखालचं पाणी बाहेर जातं. खाचा झिजल्या आणि वेग असला की चाक रस्त्यावरून उठून पाण्यावर चालायला लागतं, आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी ब्रेकवर उभं राहायचं नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि चाक परत जमिनीला लागायची वाट बघायची. एक-दोन सेकंदांचा खेळ असतो, पण तेवढ्यात चांगला घाम फुटतो.

हे सगळं शिकता येतं. खरा घोळ होतो रस्त्यावर पाणी साचल्यावर, कारण तेव्हा आपण सगळेच एका जमातीत जातो. 'पुढचा गेला ना, मग आपणही जाऊ' ही ती जमात.

तो गेला की!

२६ जुलै २०१९, शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत विषय अर्थातच २००५च्या २६ जुलैचा. त्या दिवशी कोण कुठे अडकलं, कोण किती चाललं, कोणाला कोणाच्या घरी चहा मिळाला. प्रत्येकाकडे आपापली गोष्ट आहे. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तिकडे कुलाब्याला जेमतेम ७३. मुंबईतल्या मुंबईत एवढा फरक! म्हणजे निघालो तिथे काय पडतंय यावरून पोचणार तिथलं काहीच सांगता येत नाही. हे मीच सगळ्यांना सांगत होते, हं. हातात डबा घेऊन, मोठ्या तोऱ्यात.

रात्री नऊला निघालो. एकीला मानपाड्याला सोडलं, एकाला कल्याणला. राहिलो मी आणि मोहन्याला राहणारा आमचा ज्युनिअर, नुकताच कॉलेजातून आलेला, मला ताई म्हणणारा. रस्ताभर पाऊस झोडपत होता, पण शहाडचा पूल उतरलो आणि तो चक्क कमी झाला. मी म्हटलं, सुटलो. मोहन्याच्या रस्त्याला लागलो तर पुढे रस्त्यावर पाणी, आणि रस्त्यावरचे दिवे गेलेले. समोर एक टेम्पो होता. तो जरा थबकला आणि पाण्यात शिरला. मागचा लाल दिवा हलत डुलत पुढे जायला लागला.

'ताई, तो गेला की!' ज्युनिअर म्हणाला. मी पण तेच म्हणत होते, मनात. घातली गाडी.

टेम्पोची उंची आणि माझ्या हॅचबॅकची उंची यांचा विचार त्या क्षणी कोण करतं? त्याचं इंजिन हवा कुठून घेतं, माझं कुठून, हे मला माहीतही नव्हतं. शिवाय टेम्पो पुढे जाताना जी लाट सोडत होता ती मलाच खावी लागत होती. लहान गाडीच्या पोटाला लागायला सहा इंच पाणी पुरतं आणि फूटभर पाण्यात ती तरंगायला लागू शकते, हे मी नंतर वाचलं. दोन फूट वाहत्या पाण्यात तर मोठ्या एसयूव्हीसुद्धा जातात. तेव्हा मला दिसत होता फक्त लाल दिवा, आणि मग तोही दिसेनासा झाला. टेम्पो वळला, बंद पडला की आणखी काही, मला आजतागायत माहीत नाही. पायाखालचं कार्पेट ओलं लागलं. समोरून कुणीतरी जोरात गेलं, लाट बॉनेटवर आली, इंजिनाने एक आचका दिला आणि सगळं शांत.

हात सवयीने किल्लीवर गेला आणि तिथेच थांबला. याचं श्रेय माझ्या मामाला. मामा एसटीत ड्रायव्हर होता. कल्याण-मुरबाड, माळशेज घाट, अशी सगळी पावसाळी लाइन त्याने वर्षानुवर्षं केली. मी गाडी घेतली तेव्हा पेढा तोंडात टाकून तो दोन गोष्टी बोलला होता. पाण्यात बंद पडलेली गाडी पाण्यात परत स्टार्ट करायची नाही. आणि पाणी दाराला लागलं की आधी काच खाली घ्यायची, बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या गोष्टीचं कारण आपल्याला २००५ने शिकवलंय. त्या दिवशी मुंबईत माणसं बंद गाड्यांत गुदमरून गेली. दारावर बाहेरच्या पाण्याचा दाब आला की दार उघडत नाही, आणि इलेक्ट्रिक काच किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो. समोरची काच दोन थरांची, ती फुटता फुटत नाही. बाजूची फुटते, पण टोकदार हातोडी हवी आणि घाव कोपऱ्यात घालायला हवा.

आम्ही चारही काचा खाली घेतल्या. ज्युनिअर म्हणाला, 'ताई, आतच थांबू या, पाऊस तर कमी झालाय.' मलाही तसंच वाटत होतं. सीटवर अजून कोरडं होतं, बाहेर काळं पाणी. पण हात बाहेर काढून पाहिला तर पाणी साचलेलं नव्हतं, ते एका बाजूने दुसऱ्या बाजूला ओढ घेत होतं. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. बॅग डोक्यावर, एकमेकांचे हात घट्ट, आणि आल्या वाटेने मागे. पुढे नाही. मागचा रस्ता निदान चाकाखालून गेलेला होता. मध्यभागातून, छत्रीने पुढची जमीन चाचपडत निघालो, कारण उघडं मॅनहोल काय करतं ते २०१७च्या ऑगस्टमध्ये मुंबईने पाहिलं होतं. कोरड्या टोकाला तीन-चार रिक्षावाले दोरी घेऊन उभे होते. त्यांनी आम्हाला ओढून घेतलं आणि वर शिव्याही घातल्या. त्या आम्ही निमूट ऐकून घेतल्या.

सकाळी मामीच्या भावाबरोबर गाडी बघायला गेले. चिखलाची रेघ काचांच्या वर, पार टपाजवळ होती.

त्याच रात्री, त्याच उल्हास नदीच्या पाण्यात, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली होती. हजारावर माणसं, दुसऱ्या दिवशी होड्यांनी बाहेर काढली. टीव्हीवर ते बघताना माझा हिशोब कुठे चुकला ते कळलं. आमच्याकडे पाऊस कमी झाला म्हणजे पाणी उतरणार, असं मी धरून चालले होते. पण उल्हासचं पाणी आंबिवलीत पडत नाही, ते कर्जतकडच्या डोंगरांतून येतं, वाटेत बारवीसारख्या नद्या घेऊन. आम्हाला ते उशिरा मिळतं. आणि खाली कल्याणच्या खाडीत भरती असेल तर ते पुढे सरकतही नाही. आमच्या डोक्यावर चांदणं असलं तरी रस्ता बुडू शकतो.

'त्याच्या पुढे कोण होतं?'

गाडी टो करून नेली. विम्याच्या माणसाचा पहिला प्रश्न, 'मॅडम, पाण्यात स्टार्ट करून बघितली होती का?' नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. इंजिनात पाणी शिरलं असताना सेल्फ मारला की पिस्टन त्या पाण्याला दाबायला जातो, पाणी दाबलं जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिनच जातं. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण स्टार्ट करून ओढवून घेतलेलं इंजिनाचं नुकसान कंपन्या सहसा देत नाहीत. त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर घ्यावं लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. इंजिन वाचलं ते मामामुळे.

म्हणून पेढे घेऊन त्याच्याकडे गेले. शाबासकी मिळेल अशी अपेक्षा होती. मामाने सगळं ऐकलं आणि विचारलं, 'पुढे कोण होतं?'

'टेम्पो.'

'त्याच्या पुढे?'

'माहीत नाही रे मामा. अंधार होता.'

'मग तू कोणाच्या भरवशावर गेलीस?'

मग त्याने रायत्याच्या पुलाची गोष्ट सांगितली. मुरबाड रोडवर उल्हासवरचा हा पूल, मोठ्या पावसात पाण्याखाली जाणारा. मामा पुलाअलीकडे एसटी उभी करायचा. कडेचे पांढरे दगड दिसेनासे झाले की बस हलणार नाही, हा त्याचा नियम. पॅसेंजर कटकट करायचे, जीपवाले हॉर्न मारत बाजूने जायचे, कोणीतरी हमखास म्हणायचं, 'तो बघा गेला, तुम्हालाच काय झालंय?' मामा खाली उतरून तंबाखू मळायचा. कधी तास, कधी चार तास.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी गेल्या. पूल आहे की नाही हे त्या पावसात, त्या अंधारात कळायला मार्गच नव्हता. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाने एक गाडी नाहीशी होताना पाहिली, म्हणून मागून येणाऱ्यांना अडवता आलं. मामा तेव्हा रिटायर झालेला होता, पण ती बातमी आली तेव्हा तो दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. हे मला मामीने चहा देताना हळूच सांगितलं.

गेल्या पावसाळ्यात तीच जागा, तसंच पाणी, बहुतेक घोटाभर. घोटाभरच असणार. पुढची कार सुळकन निघून गेली. मी गाडी बाजूला घेतली, दिवे लावले, आता चारही इंडिकेटर लावायला हरकत नव्हती. मागून हॉर्न सुरू झाले. एकाने काच खाली करून माझ्या ड्रायव्हिंगबद्दल, आणि एकूणच बायकांच्या ड्रायव्हिंगबद्दल, मत दिलं आणि तो पुढे गेला. पोचलाही असेल घरी. मी शहाडला मागे फिरले आणि आईला फोन केला.

'उशीर होईल गं. पाणी आहे रस्त्यावर.'

'किती आहे?'

'कळत नाहीये, म्हणून तर थांबलेय.'

'मग आत्ता आहेस कुठे?'

'पुलाजवळ. वडापाव खातेय.'

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, 'येताना दोन बांधून आण. आणि चटणी वेगळी घे.'