कानातला मळ : कोरू नका, मऊ करा

उसाची तोडणी सुरू झाली की बारडोली, कामरेज, मांडवीकडच्या शेतांत पाचटाची धूळ दिवसभर उडते. संध्याकाळी हातपाय धुताना कान खाजतो आणि हात आपोआप आगकाडीकडे किंवा केसांच्या आकड्याकडे जातो. घरात वडीलधारे असतील तर 'आता ऐकू येत नाही, वय झाले' असे म्हणून सगळे त्यांच्याशी ओरडून बोलू लागतात. पण पुष्कळदा दोष वयाचा नसतो. मळाने कानात दडा बसलेला असतो, आणि तो निघू शकतो.

मळ म्हणजे घाण नव्हे. कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागात बारीक ग्रंथी असतात. त्यांतून झरणारा चिकट पदार्थ आणि गळालेली कातडी मिळून मळ बनतो. तो धूळ, पाणी व किडे अडवतो. नळीची कातडी आतून बाहेर हळूहळू सरकत असते. जेवताना व बोलताना जबडा हलतो, त्यानेही मळ बाहेर येतो. म्हणून बहुतेकांना कान साफ करावाच लागत नाही.

काडी घातली की थोडा मळ बाहेर येतो, उरलेला आत ठासला जातो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या टोकाचा पडदा कागदाइतका पातळ असतो. कोणाचा धक्का लागला तर तो फाटायला वेळ लागत नाही. कापूस लावलेल्या काडीचेही तसेच. जत्रेत, स्टेशनबाहेर कान साफ करणाऱ्याची सळई तर एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाते.

घरी करायचा उपाय असा :

१) औषधाच्या दुकानातून ऑलिव्ह तेल व ड्रॉपर आणावा. बदामाचे तेलही चालते, पण ज्याला बदाम सोसत नाही त्याने ते वापरू नये. तेल तापवू नये, त्यात लसूण वगैरे घालू नये.

२) बुजलेला कान वर येईल असे कुशीवर निजावे. कानाची पाळी वर व मागे ओढून २-३ थेंब सोडावेत आणि ५ ते १० मिनिटे तसेच पडून राहावे.

३) असे दिवसातून ३-४ वेळा, ३ ते ५ दिवस करावे. सुरुवातीला दडा वाढल्यासारखा वाटतो, त्याला घाबरू नये.

४) पुढच्या दोनेक आठवड्यांत मळ आपोआप बाहेर येतो. बाहेर दिसेल तेवढाच ओल्या फडक्याने पुसावा.

घरी पिचकारीने जोराचे पाणी मारू नये. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी रोग्यांचे कान धूत असत. पाणी शरीरापेक्षा थंड किंवा गरम असले की रोग्याला चक्कर येते, हे त्यांनी पाहिले. त्यावरून कान आणि तोल यांचा संबंध त्यांनी उलगडला आणि त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून कान धुणे हे जाणकाराचेच काम.

कान वाहत असेल, दुखत असेल, पडदा पूर्वी फाटला असेल किंवा कानाचे ऑपरेशन झाले असेल, तर तेलाचा थेंबही घालू नये. लहान मुले व मधुमेही यांच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. दोन आठवड्यांत गुण आला नाही तर सुरतेच्या न्यू सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. आणि एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर तेल घालत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. तो कदाचित मळ नसतो, आतल्या नसेचा आजार असतो, आणि त्यात उशीर झाला तर गेलेला कान परत येणे कठीण.

घरातल्या म्हाताऱ्यांशी आवाज चढवण्याआधी त्यांचा कान एकदा तपासून घ्या. नातवंडांचे बोलणे त्यांना पुन्हा सहज ऐकू येईल.