बोल्ट तुटत नाही, वायसर रुततो

तारापूर औद्योगिक वसाहतीत नट-बोल्ट बहुतेक लोखंडाला लोखंड जोडतो. तोच बोल्ट बोईसरच्या हार्डवेअरच्या दुकानातून, त्याच मापाच्या वायसरसकट, सातपाटीच्या लाकडी बोटीत किंवा पालघरकडच्या कौलारू घराच्या कैचीत जातो, तेव्हा हिशेब बदलतो. लोखंडावर वायसरने नटाला सपाट बैठक दिली की झालं. लाकडावर मात्र बोल्टमधली सगळी ओढ त्या चकतीखालच्या लाकडाला झेलावी लागते, तीही तंतूंच्या आडव्या दिशेत, जिथे ते दाबाला फार लवकर नमतं. म्हणून वायसर बोल्टच्या नव्हे, लाकडाच्या ताकदीवरून निवडायला हवा.

आकडे मांडून पाहू. 16 मिलिमीटरचा साधा बोल्ट सुमारे 18 किलोन्यूटन ओढ निर्धास्त घेतो. त्याच्या नेहमीच्या वायसरचा बाहेरचा व्यास 30, भोक 17. म्हणजे टेकायला जागा जेमतेम 480 चौरस मिलिमीटर. सागवानाचा आडवा सुरक्षित दाब चौरस मिलिमीटरला 4 न्यूटन धरला, तर हा सांधा 1.9 किलोन्यूटनला, म्हणजे 200 किलोच्या आतच, थकतो. बोल्टची नऊ दशांश ताकद वाया! ती वसूल करायची तर 70 मिलिमीटरची चौकोनी पत्ती लागते, आणि तीही 8 मिलिमीटर जाड. पातळ पत्ती नटाभोवती बशीसारखी वाकते आणि कडा भार घेतच नाहीत.

यावर जाणकार म्हणतील, छोट्या चकतीला आजूबाजूचे तंतूही आधार देतात. खरं आहे, युरोपच्या संहितेत वायसरखाली आडव्या दाबाची ताकद तिप्पट धरायची मुभा आहे. पण तिप्पट करूनही आपला आकडा 6 किलोन्यूटनच्या आतच राहतो, आणि तीच संहिता वायसर बोल्टच्या किमान तिप्पट रुंद मागते: 16 ला 48, 30 नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: कैचीच्या सांध्यात बोल्टवर भार आडवा येतो, ओढ फारशी नसतेच. तिथे लहान वायसर खपूनही जाईल. पण छप्पर भिंतीशी धरून ठेवणाऱ्या बोल्टांचं काय? मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलं. तसला वारा छप्पर वर उचलतो, तेव्हा भार निव्वळ ओढीचा असतो. त्यात इथला पावसाळा. ओलं लाकूड आधीच मऊ, शिवाय ते फुगतं आणि वायसरखाली स्वतःच चेपतं; दिवाळीनंतर आकसलं की नट सैल. मग लांब पाना लावून तो आवळला जातो आणि वायसर आणखी खोल जातो. अशा जागी नट काढून खाली रुंद पत्ती घालावी, मगच आवळावं.