टाळ भिजले कशाने?

लेखमाला : साठवलेला आवाज – भाग ७

मागच्या भागात भजनाची जी कॅसेट आपण कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, तिच्यावर पखवाज माझ्या थोरल्या काकांचा आहे आणि गळा आमच्या गावच्या मंडळाच्या बुवांचा. काका आता नाहीत. बुवा आहेत, शहात्तरीतले, आणि सप्ताहात अजून उभे राहून गातात. ही फाइल त्यांच्या मोबाइलवर द्यायची तर लहान करायला हवी, म्हणून मी तिच्या चार प्रती चार तऱ्हांनी बनवल्या. त्यातली कोणती द्यावी हे माझ्याच्याने ठरेना, तेव्हा हेडफोन बुवांच्या कानाला लावले. पहिली प्रत त्यांनी जेमतेम अर्धा मिनिट ऐकली.

“हे आमचेच टाळ काय रे? भिजल्यासारखे वाजतायत.”

ती सेकंदाला ६४ किलोबिटची एमपीथ्री होती. बिटरेट म्हणजे काय हे मी बुवांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. उतारवयात वरच्या पट्टीतले बारीक आवाज कानाला कमी येतात हे खरं, पण टाळ कसा झणकारतो आणि कसा विझतो हे ज्याने साठ वर्षं ऐकलंय, त्याला त्यातली खोट कळायला वेळ लागत नाही. बिघाडही नेमका तसाच असतो. टाळाचा झणकार म्हणजे उंच कंप्रतांची दाट गर्दी. तेवढ्या गर्दीला पुरतील इतके बिट ६४ किलोबिटमध्ये नसतात. मग एन्कोडर, म्हणजे आवाज दाबून फाइल लहान करणारा प्रोग्राम, एका क्षणी काही पट्ट्यांना बिट देतो, पुढच्या क्षणी त्याच पट्ट्या रिकाम्या सोडतो, आणि हे सेकंदात कितीतरी वेळा घडतं. संथ विझत जाणारा नाद लुकलुकायला लागतो. कानाला तो पाण्यातून आल्यासारखा वाटतो.

दुसरी प्रतही ६४ किलोबिटचीच होती, पण ओपस नावाच्या दुसऱ्या एन्कोडरने केलेली. ती ऐकून बुवा म्हणाले, “हे बरं आहे. टाळकरी जरा मागे बसलेत इतकंच.”

कॅसेट तीच, बिट तेवढेच, आणि तरी एवढा फरक. तो येतो कुठून, आणि असे एन्कोडर एकमेकांशी ताडून कसे पाहायचे, हे आज बघू.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. ‘एमपीथ्रीचा आवाज कसा असतो?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. एमपीथ्रीच्या मानकात फाइल वाचायची कशी, म्हणजे डिकोडरने काय करायचं, ते काटेकोर बांधून दिलंय. फाइल बनवताना कोणता आवाज जपायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे मात्र एन्कोडर लिहिणाऱ्यावर ठेवलंय. बंदिश ठरलेली, विस्तार ज्याचा त्याचा. त्यामुळे १२८ किलोबिटच्या दोन एमपीथ्री फाइली, एकाच गाण्याच्या, एक ऐकवत नाही आणि दुसरी मूळ ध्वनिमुद्रणाच्या शेजारी बसते, असं होऊ शकतं. तुलना एन्कोडरांची करायची ती म्हणून.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला झिंग नावाचा एमपीथ्री एन्कोडर खूप चालत असे. ओपन सोर्स नव्हता, पण वेगवान होता. आणि त्या काळी घरच्या कॉम्प्युटरवर चार मिनिटांचं गाणं एमपीथ्रीत करायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागणं ही नेहमीची गोष्ट होती. झिंगने हा वेळ ज्या गोष्टींतून वाचवला, त्यातली एक आपल्या भजनाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. तो आखूड तुकडे वापरतच नव्हता.

हे तुकड्यांचं प्रकरण चिपळ्यांच्या एका ठोक्यावरून समजून घेऊ. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. एमपीथ्री एन्कोडर त्यातले ५७६ नमुने एका वेळी हातात घेतो, म्हणजे सेकंदाचा साधारण सत्त्याहत्तरावा भाग, आणि त्यात कोणत्या कंप्रता किती आहेत ते मोजतो. मग बिट वाचवण्यासाठी ही मोजमापं ढोबळ करतो. ढोबळ केल्याने जी खरखर तयार होते, ती त्या अख्ख्या तुकड्यावर पसरते. आता समजा, तुकड्याच्या सुरुवातीला पूर्ण शांतता आहे आणि शेवटी चिपळी वाजली. खरखर शांततेच्या भागावरही पसरणार. म्हणजे चिपळीचा पडसाद चिपळीच्या आधी ऐकू येणार. ‘टक्’ऐवजी ‘छ्टक्’. ठोक्याच्या आधीचा आवाज कान काही प्रमाणात पोटात घालतो, पण अगदी मोजके मिलिसेकंद. त्याहून लांबलेला ‘छ’ उघडा पडतो. उपाय असा की ठोका येतोय असं दिसताच एन्कोडरने ५७६ चा तुकडा सोडून १९२ नमुन्यांचे आखूड तुकडे घ्यायचे. खरखर मग ठोक्याच्या अगदी जवळच कोंडली जाते आणि त्याच्याच आवाजाखाली झाकली जाते.

अर्थात आखूड तुकड्यांना बिट जास्त लागतात, आणि ठोका येतोय हे ओळखायला गणित जास्त लागतं. ते गणित गाळलं की वेग मिळतो, चिपळी जाते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने आवाजाच्या चाचणीसाठी जी सीडी काढली, तिच्यात स्पॅनिश कॅस्टनेटचं ध्वनिमुद्रण आहे ते याच कारणासाठी उपयोगी पडतं. कॅस्टनेट म्हणजे चिपळ्यांची चुलत बहीणच. जगभरचे एन्कोडर त्या ठोक्यांवर घासूनपुसून तयार झाले. आपल्याला ती सीडी मिळाली नाही तरी बिघडत नाही. भारुडाची एखादी स्वच्छ ध्वनिफीत घ्या, तीच परीक्षा तितकीच कठोर होते.

लेम या ओपन सोर्स एन्कोडरची गोष्ट इथे सुरू होते. १९९८ मध्ये माइक चेंग यांनी एमपीथ्रीच्या मानकासोबत नमुन्यादाखल दिलेल्या सोर्सवर दुरुस्त्या बसवायला सुरुवात केली. तो नमुना-सोर्स संथ होता आणि आवाजही बेताचा. लेम तेव्हा स्वतंत्र एन्कोडर नव्हताच, दुरुस्त्यांचं गाठोडं होतं, आणि त्याच्या नावाचा विस्तारही ‘लेम हा एमपीथ्री एन्कोडर नव्हे’ असाच आहे. पुढे मार्क टेलर यांनी सूत्रं घेतली, कानाला काय ऐकू येतं आणि काय नाही याचा अंदाज बांधणारा भाग नव्याने लिहिला, आणि २००० साली मूळ सोर्सची शेवटची ओळही निघून गेली. त्यानंतर जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. कुणी तरी एखादं गाणं आणायचं, ज्यात लेम अडखळतो. त्या गाण्याचे दहा सेकंद कापून सगळ्यांनी ऐकायचे. सोर्स उघडा असल्याने ज्याला जमेल त्याने त्यात फेरबदल करायचे, पुन्हा सगळ्यांनी ऐकायचं. अशा शेकडो ऐकण्यांतून लेमच्या ठरावीक पातळ्या जुळवल्या गेल्या. आज ‘व्ही-२’ ही पातळी निवडली की सरासरी १९० किलोबिटच्या आसपास फाइल मिळते आणि बहुतेक संगीतावर बहुतेक कानांना ती मुळापासून वेगळी ओळखता येत नाही. ऑग व्हॉर्बिसचंही असंच. क्रिस्टोफर माँटगोमेरी यांनी सुरू केलेल्या या एन्कोडरची पहिली पूर्ण आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली, आणि पुढच्या दोन वर्षांत त्याच्या आवाजात मोठी सुधारणा केली ती आओयुमी या टोपणनावाने काम करणाऱ्या जपानी प्रोग्रामरने. ते फेरबदल मूळ व्हॉर्बिसमध्येच घेतले गेले.

झिंगचीही कथा तिथे संपली नाही. ती कंपनी रिअलनेटवर्क्सने घेतली, एन्कोडर सुधारत गेला आणि हेलिक्स या नावाने त्याचा सोर्स खुला झाला. २००८ च्या सार्वजनिक चाचणीत १२८ किलोबिटच्या आसपास हेलिक्स आणि लेम यांच्यात ठाम फरक दाखवता आला नाही, आणि वेगात हेलिक्स लेमच्या बराच पुढे होता. ‘वेगवान म्हणजे हलका’ हा समज यामुळे सोडून द्यायला हवा. वेग कशातून मिळवला, हे विचारायचं.

आता ऐकण्याच्या चाचणीकडे येऊ. फाइलीचं नाव डोळ्यांसमोर असताना केलेल्या तुलनेवर मी विश्वास ठेवत नाही, माझ्या स्वतःच्या तर मुळीच नाही. ‘३२०’ हा आकडा दिसला की टाळ आपोआप झळाळू लागतात. म्हणून ‘एबीएक्स’ करायची. एक मूळ फाइल, दुसरी दाबलेली, आणि तिसरी ‘एक्स’, जी या दोहोंपैकी एक आहे पण कुठली ते प्रोग्राम लपवून ठेवतो. ती कुठली हे तुम्ही ओळखायचं. असं सोळा वेळा. नुसता अंदाज करत गेलात तर आठाच्या आसपास बरोबर येतील. बारा किंवा जास्त बरोबर आले, तर ते निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता शंभरात चारहून कमी आहे, तेव्हा तुम्हाला खरंच फरक ऐकू येतोय असं धरायला हरकत नाही. फूबार नावाच्या मोफत प्लेअरला यासाठीचं पूरक सॉफ्टवेअर मिळतं.

इथे दोन खाचखळगे आहेत, दोन्हींत मी पडलोय. एक म्हणजे आवाजाची पातळी. एक फाइल दुसरीपेक्षा अगदी किंचित मोठी वाजली तरी कान तिलाच चांगली म्हणतो, आणि मोठी आहे म्हणून म्हणतो हे त्याला कळत नाही. दोन्हींची पातळी आधी सारखी करून घ्या. दुसरा म्हणजे सरक. एमपीथ्री करताना फाइलीच्या सुरुवातीला काही नमुन्यांची शांतता जास्तीची घुसते. प्लेअरने ती कापली नाही तर एका फाइलीवरून दुसरीवर जाताना ठोका किंचित मागेपुढे होतो, आणि तुम्ही आवाज न ऐकता त्या उडीवरूनच उत्तर ओळखता. पहिल्या दिवशी मला सोळापैकी सोळा आले आणि मी हरखलो होतो. उडी काढून टाकल्यावर व्ही-२ च्या बाबतीत माझे कान नाणेफेकीच्या पुढे गेले नाहीत.

आणि ‘समान बिटरेट’ म्हणताना जपून. लेमची व्ही-पातळी असो की ओपस, गरजेप्रमाणे बिट कमी-जास्त खर्च करणारे एन्कोडर एकट्या गळ्याला थोडे आणि टाळ-पखवाजाच्या गजराला पुष्कळ बिट देतात. एकाच गाण्यावर दोघांचा बिटरेट जुळवत बसलात तर एकाची सेटिंग वाकडी होते. भरपूर आणि वेगवेगळ्या संगीतावर सरासरी जुळवायची, मग अवघड तुकडे ऐकायचे.

अशा रीतीने झालेल्या २०१४ च्या ९६ किलोबिटच्या सार्वजनिक चाचणीत ओपस पहिला आला. लेमला तिथे १२८ च्या आसपास बिट दिले होते, तरीही ओपस वर राहिला. याचं कारण त्याच्या घडणीत आहे. २०१२ मध्ये इंटरनेट मानक म्हणून मान्य झालेला ओपस दोन धाग्यांचा आहे. बोलण्यासाठी स्काइपकडून आलेला सिल्क, आणि संगीतासाठी झिफ फाउंडेशनकडचा सेल्ट. ठोका आला की तो अडीच मिलिसेकंदांच्या तुकड्यांपर्यंत खाली उतरू शकतो. एमपीथ्रीचा आखूड तुकडाही चार मिलिसेकंदांहून मोठा असतो. शिवाय कोणत्याही पट्टीची एकंदर ताकद तो जपून ठेवतो. बिट संपले तरी पट्टी रिकामी पडू देत नाही, साधारण तेवढ्याच ताकदीच्या सरसरीने भरतो. बुवांना टाळ भिजलेले न वाटता फक्त मागे बसलेले वाटले, ते यामुळे. व्हॉट्सॲपवर आपण रोज ज्या व्हॉइस नोट पाठवतो त्याही ओपसच असतात.

वेगाबद्दल थोडक्यात. वेग मोजायचा तो ‘पटीत’. कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची आणि एन्कोडरला ३० सेकंद लागले, तर वेग ६० पट. पहिल्यांदा मोजलेलं सोडून द्या, कारण त्यात डिस्कवरून फाइल वाचण्याचा वेळ मिसळलेला असतो. लेम एका फाइलीला प्रोसेसरचा एकच गाभा वापरतो, तेव्हा पेटीभर कॅसेटी असतील तर चार-आठ फाइली एकदम लावा. आजच्या कॉम्प्युटरवर लेम, ओपस, व्हॉर्बिस यांतला कुठलाही एन्कोडर इतका वेगवान आहे की घरगुती कामात वेगासाठी आवाज सोडण्याचं कारण उरलेलं नाही.

फ्लॅकचा हिशेब मात्र निराळा, आणि तिथे चूक होते. त्याच्या ० ते ८ या पातळ्यांत आवाजाचा काडीचाही फरक नसतो, कारण फ्लॅक काहीच टाकत नाही. फरक पडतो तो वेळ आणि फाइलीचा आकार यांत. पाचवर नेहमीचं काम होतं. आठवर वेळ बराच जास्त जातो आणि जागा जेमतेम वाचते. उलटं उलगडून वाजवायला मात्र कुठल्याही पातळीला जवळपास सारखेच आणि अगदी थोडे कष्ट पडतात. मंकीज ऑडिओ हा तसाच दुसरा एन्कोडर फ्लॅकपेक्षा थोडी लहान फाइल करतो, पण वाजवतानाही जवळपास करण्याइतकीच मेहनत मागतो. फाइल आपण एकदाच करतो आणि वाजवतो शेकडो वेळा, म्हणून मी फ्लॅकवर राहिलो.

आमच्या कॅसेटची ३० मिनिटांची बाजू न दाबता सुमारे ३१७ एमबी होती. ९६ किलोबिटच्या ओपसमध्ये ती साधारण २१ एमबी झाली. फ्लॅकमध्ये अपेक्षेपेक्षा कमी आटली, कारण टेपची सरसर म्हणजे निव्वळ गोंगाट, आणि गोंगाटात दाबण्याजोगा क्रम नसतो. सरसरीचाही कण न् कण फ्लॅकने जपून ठेवला.

बुवांना तिसरी प्रत ९६ किलोबिटच्या ओपसची आणि चौथी मूळ फ्लॅक, असं न सांगता ऐकवलं. तीन वेळा आलटून पालटून ऐकून त्यांनी मान हलवली. “दोन्ही एकच आहेत रे. फसवतोस काय?” मग मोबाइलवर ओपस दिली, आणि मंडळाच्या जुन्या स्पीकरच्या पेनड्राइव्हवर व्ही-२ ची एमपीथ्री, कारण त्या स्पीकरला दुसरं काही वाजवता येत नाही. निघताना बुवांनी हेडफोन पुन्हा कानाला लावले, काकांच्या पखवाजाची उठान जिथे आहे तिथे फाइल मागे घ्यायला सांगितली आणि विचारलं, “ती मागची सरसर तेवढी काढता येईल काय?”

काढता येते, पण तिच्याबरोबर पखवाजाच्या शाईचा घुमार किती जातो, ते पुढच्या रविवारी.